पाणकणसातली मोजणी

शहागंजच्या घड्याळाभोवती हातगाड्या लागायच्या आत उत्तरेकडे निघालं, की उजाडता उजाडता दिल्ली दरवाजा ओलांडून सलीम अली सरोवराच्या काठी पोचता येतं. मोगल काळातला हा खिजरी तलाव. समोर हिमायतबागेची झाडी, बाकी तिन्ही अंगांना शहर. थंडीत इथे बदकं उतरतात, आणि जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. ती भारतात १९८७ पासून चालू आहे, म्हणजे सलीम अली गेले त्याच वर्षापासून.

मोजणी दोघांनी करायची असते. एकाने दुर्बिणीतून डोळा काढायचा नाही, दुसऱ्याने वहीतून मान वर करायची नाही. सूर्य पाठीशी घ्यायचा, नाहीतर उजेडाविरुद्ध सगळी बदकं काळीच दिसतात. काठावरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरून पाण्याचे मनातल्या मनात तुकडे पाडायचे आणि डावीकडून उजवीकडे सरकायचं. जे उडून जाण्याची शक्यता जास्त, ते आधी. हळदी-कुंकू बदक चोचीच्या पिवळ्या टोकावरून लांबूनही ओळखू येतं. थापट्याची चोच फावड्यासारखी. टिबुकलीचा मात्र वैताग येतो. मोजायला गेलं की बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते.

वारकरी पाणकणसात शिरून बसतात, तेव्हा आकडा नेहमी कमी भरतो. मग कधीतरी दलदली भोवत्या पंख उचलून वरून संथपणे फिरू लागतो. बदकं उठतात, शेकाटे ओरडत सुटतात. वारकरी मात्र उडत नाहीत. झाडोऱ्यातून बाहेर येऊन ते उघड्या पाण्यात एकमेकांना खेटून गोळा होतात. ‘आता घे, दहा, वीस, तीस…’ असं म्हणत वहीवाल्याला भराभर आकडे सांगायची हीच वेळ. लपलेला थवा शिकारी पक्ष्याच्या भीतीमुळे मोजता येतो. ही गोष्ट कितीही वेळा पाहिली तरी मला पुन्हा पाहावीशी वाटते.

जांभळी पाणकोंबडी अशी बाहेर येत नाही. तिच्यासाठी थांबावं लागतं. ती पाणकणसाचा कोंब उपटते, लांब बोटांच्या पायात मुठीसारखा धरते, वरची साल सोलते आणि आतला पांढरा गाभा खाते. तिचं घर तेच आणि ताटही तेच. बोरू वटवट्याचा तर नुसता आवाज येतो.

म्हणूनच ‘तलाव साफ करा’ ही मागणी ऐकली की मी आधी विचारतो, साफ म्हणजे काय काढणार? जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. सांडपाण्यावर ती माजते, पाण्याचा उजेड अडवते, खालचा प्राणवायू कमी करते. ती काढायलाच हवी, आणि सांडपाणी थांबल्याशिवाय ती पुन्हा येणारच. पण कमळपक्षी तिच्यावरूनही चालतो, त्यामुळे तीसुद्धा टप्प्याटप्प्याने काढावी. पाणकणीस मात्र इथलंच. ते विरळ करावं, मुळासकट खरवडू नये.

वेळही बघावी लागते. पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलपर्यंत परततात आणि पाऊस लागला की इथले पक्षी घरटी बांधायला घेतात. मधे उरतात चैत्र-वैशाखातले थोडे दिवस, ऐन मराठवाडी उन्हाचे. काम तेव्हाच व्हायला हवं. श्रावणात केलेल्या सफाईत तरंगती घरटी अंड्यांसकट कचऱ्याच्या ट्रॉलीत जातात.

सुशोभीकरणाचं मला जास्त भय वाटतं. काठाला दगड बसवले की उथळ चिखलाची पट्टी संपते. शेकाट्या, तुतवार यांना घोटाभर पाणीच लागतं. उभ्या भिंतीशी त्यांचं काही काम नाही. ज्यांना पैठणला नाथसागर गाठता येतो, ते पक्षी तिकडे जातील. तिथे १९८६ पासून अभयारण्य आहे. पाणकोंबडी कुठे जाईल?

मोजणी संपली की आम्ही पक्ष्यांच्या आकड्यांसोबत जागेचीही नोंद करतो. पाणी किती, झाडोरा कुठे, सांडपाणी कुठून येतं, भटकी कुत्री कुठवर पोचतात. काठावर यंत्र उतरवण्याआधी महापालिकेच्या अभियंत्यांनी ही वही मागून घ्यावी. कोणत्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, ते तिच्यात नकाशासह लिहिलेलं आहे.