नाव कुठल्या यादीत?

लखनौच्या चौक भागातल्या एका सरकारी शाळेच्या व्हरांड्यात रविवारी टेबल मांडलंय. मतदार नोंदणीची विशेष मोहीम. टेबलामागच्या बाई एरवी इथेच तिसरीला शिकवतात. आज त्या बीएलओ, या केंद्राच्या मतदारयादीचं सगळं त्यांच्याकडे.

एक चचा येतात आणि मतदार ओळखपत्र टेबलावर ठेवतात. मॅडम कार्डाकडे बघतही नाहीत, यादी उघडतात. बोट ओळीवरून ओळीवर सरकतं. नाव नाही.

“कार्ड तो है!” चचा म्हणतात. कार्ड असलं की मत आहेच, हा समज इथे भक्कम. खरं तर उलट आहे: यादीत नाव असेल तर कार्ड घरी राहिलं तरी आधार किंवा पासपोर्ट दाखवून मत देता येतं. नाव नसेल तर कार्डाचा काही उपयोग नाही.

“२०२३ला नगरसेवकाला मत दिलं की मी!” चचा अडून बसतात. गोम इथेच आहे. महाराष्ट्रात महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. उत्तर प्रदेशात राज्य निवडणूक आयोग नगर निगम आणि पंचायतींसाठी स्वतःची वेगळी यादी करतो. एकीत नाव असून दुसरीत नसणं सहज शक्य. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे असतं का, शंकाच आहे. मॅडम मात्र आवाज न चढवता समजावतात आणि फॉर्म ६ पुढे करतात. सत्तरीत ‘नवा मतदार’ व्हायचं म्हटल्यावर चचांना हसू फुटतं.

दुरुस्ती आणि पत्ताबदलाला फॉर्म ८. त्यासाठी आलेल्या नसीम नावाच्या बाई यादीत पुरुष आहेत. हे नाव दोघांचंही असतं; नोंद करणाऱ्याने अंदाजाने ठरवलेलं. मॅडम खाडाखोड करत नाहीत, फॉर्म नीट भरून घेतात.

शाळेच्या भिंतीवर मतदानाच्या शपथेचा फलक आहे. राष्ट्रीय मतदार दिवस २०११पासून दर २५ जानेवारीला होतो, प्रभातफेऱ्या निघतात. तरी २० मे २०२४ला लखनौ लोकसभा मतदारसंघात मतदान झालं निम्म्याच्या जरासं वर. घरी राहिलेल्यांत आळशी किती आणि चचांसारखे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. मला विचाराल तर एका फेरीचा खर्च अशा टेबलांवर करावा.

दुपारी वसतिगृहातला एक मुलगा येतो. सतरा पूर्ण, म्हणजे आगाऊ अर्ज करता येतो. अठरा झाल्यावर नाव चढतं. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी हीच तारीख धरत, आता वर्षातून चार तारखा आहेत. पण त्याला गोंड्याला, गावीही मत हवंय.

“एकाच ठिकाणी,” मॅडम म्हणतात. “खोटं लिहून दिलंस तर गुन्हा होतो.”

“आणि प्रधानाची निवडणूक?”

“ती यादी वेगळी. गावाकडे विचार.”

तो फॉर्मची घडी करून खिशात घालतो. घरी विचारून सांगतो म्हणतो.

“चारपर्यंतच बसणार आहे मी,” मॅडम पुढच्या माणसाचा फॉर्म ओढत सांगतात.