सर्वकालीन फलंदाज ठरवायचा कसा?

महाराष्ट्राचा सर्वकालीन श्रेष्ठ फलंदाज कोण, या वादात पहिला पुरावा पुढे येतो तो सरासरीचा. एकूण धावांना बाद झालेल्या डावांच्या संख्येने भागले की ती निघते. हिशेब सोपा, पण सामने मोजकेच असले की साफ फसवा. छत्रपती संभाजीनगरात जन्मलेला वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध आपली एकमेव कसोटी खेळला. पहिल्या डावात त्याने २४ धावा केल्या. दुसऱ्या डावात विजयाला अवघ्या ५ धावा हव्या होत्या. संघाने त्यालाच सलामीला धाडले आणि त्या पाचही त्याने नाबाद काढल्या. एकूण २९ धावा, बाद एकदाच, म्हणून सरासरी २९. कपिलदेवची १३१ कसोटींनंतरची सरासरी ३१.०५ आहे! म्हणूनच जाणकार किमान डावांची अट घालतात. वीस डावांची अट बरीच रूढ आहे.

ही अट लावली तरी पेच उरतोच. सचिन तेंडुलकरच्या २०० कसोटींत १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८, शतके ५१. सुनील गावसकरच्या १२५ कसोटींत १०,१२२ धावा, सरासरी ५१.१२, शतके ३४. बेरजेत सचिन कितीतरी पुढे, सरासरीत थोडाच. ऐन भराचा काळ मोजायचा म्हटले तर पारडे फिरते. आयसीसीच्या हजार गुणांच्या मानांकनात, जे जुन्या खेळाडूंनाही मागाहून लावले गेले, गावसकरचा उच्चांक ९१६ आहे, सचिनचा ८९८. १९७९ मध्ये ओव्हलवर काढलेल्या २२१ धावांनी गावसकरला तिथवर नेले. शिवाय त्याची १३ शतके वेस्ट इंडिजविरुद्धची. कोणाच्या माऱ्यापुढे धावा झाल्या, हे सरासरी सांगत नाही.

विजय हजारेंच्या पिढीसाठी तर कसोटीचे आकडे अपुरेच पडतात. महायुद्धाने ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. सांगलीत जन्मलेल्या हजारेंच्या वाट्याला ३० कसोटी आल्या, सरासरी ४७.६५. प्रथम श्रेणीत मात्र १८,७४० धावा आणि सरासरी ५८.३८. त्यांच्या मोठेपणाचा खरा दाखला १९४८ च्या ॲडलेड कसोटीत आहे. पहिल्या डावात ११६. फॉलोऑननंतर ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉल-मिलरपुढे सहा भारतीय शून्यावर परतले, त्या २७७ च्या डावात एकट्या हजारेंच्या १४५. भारत डावाने हरला. जिंकलेल्या सामन्यांतल्याच धावा धरणाऱ्या यादीत या दोन शतकांना जागाच मिळणार नाही.

पुरस्कारांचा काटा तर नव्या खेळाडूकडेच झुकलेला असतो. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. हजारेंची शेवटची कसोटी १९५३ ची. त्यांना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. आयसीसीचे वार्षिक पुरस्कार २००४ पासूनचे, त्यामुळे २०१० मध्ये सचिनला मिळालेला सोबर्स करंडक १९८७ मध्ये निवृत्त झालेल्या गावसकरला मिळणे शक्यच नव्हते. भारतरत्नाच्या निकषांत खेळाला वाट मिळाली ती २०११ मध्ये. मानसन्मानांची नुसती संख्या मोजणे त्यामुळे निरर्थक. पुरस्कार त्या-त्या काळातल्या समकालीनांत कोण वरचढ होता एवढे सांगतो, आणि तेवढ्यापुरता तो कामाचा आहे.

संधीच मिळाली नाही अशांचे काय? कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, असा काठियावाडच्या कर्णधाराचा आग्रह होता. तो मान्य होईना, तेव्हा त्याने संघासह मैदान सोडले आणि विक्रम राहून गेला. निंबाळकरांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. बीसीसीआयचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तोही उतारवयात. एका खेळीवर श्रेष्ठत्व ठरत नाही हे खरे; पण कसोटी खेळलेल्यांपुरतीच केलेली यादी अर्धवट राहते, हेही तितकेच खरे.

समकालीनांशी तुलना, समोरचा मारा आणि कारकिर्दीची लांबी या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर कसोटी सलामीवीर म्हणून गावसकर पहिला. क्रिकेटचे सारे प्रकार मोजले, तर २४ वर्षे टिकलेला सचिन. हजारेंचे नाव या दोघांनंतर लगेच यायला हवे, ते बहुतेक याद्यांत फार खाली सापडते.