समुद्राची शिरगणती

गावातली गुरे मोजायची झाली, तर मोजणारा गोठ्यागोठ्यातून हिंडतो. रानातली झाडे मोजायची, तर रानाचा एक तुकडा मोजून त्यावरून साऱ्या रानाचा अंदाज बांधता येतो. पण समुद्रात मासे किती आहेत, हे कोणी कसे मोजावे? मासा एका जागी राहत नाही, वरून दिसत नाही, आणि दोनशे मीटरांच्या खाली तर सूर्याचा प्रकाशही जेमतेम पोचतो. तरीही अमुक समुद्रात इतके लाख टन मासळी आहे, असे आकडे आपल्या वाचनात येतात. त्या आकड्यांवर विसंबून सरकारे नियम करतात आणि हजारो होड्या समुद्रात जातात किंवा किनाऱ्यावर थांबतात. हा आकडा येतो कोठून, आणि त्यावर भरवसा कितपत ठेवावा, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

पाण्यात प्रकाश लवकर विरून जातो. ध्वनी मात्र दूरवर जातो. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे 1500 मीटर. जहाजाच्या तळाशी बसविलेले यंत्र खाली ध्वनीचा एक ठोका सोडते व त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहते. प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर तळ 750 मीटरांवर आहे असे समजावे. वाटेत मासळीचा थवा लागला, तर तळाच्या आधीच एक प्रतिध्वनी येतो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यावरून ध्वनी विशेष जोराने परततो. या विद्येला सोनार म्हणतात. आपल्या पेठेतल्या सोनाराशी तिचे नाते नाही. पण पारख करणे हे काम दोघांचेही आहे. आणि पारख करणाऱ्याचा काटा आधी खरा हवा. म्हणून पाहणीच्या वेळी जहाजाखाली तांब्याचा किंवा दुसऱ्या कठीण धातूचा एक गोळा टांगतात. त्याचा प्रतिध्वनी किती यावा हे ठाऊक असते. त्यावरून यंत्र तपासून घेतात.

तथापि काटा खरा असला, तरी तागडीत काय पडले आहे हे त्याला कळत नाही. 1942 साली, युद्ध चालू असताना, अमेरिकेतील सॅन दिएगोजवळ पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी ध्वनीचे प्रयोग चालले होते. तेव्हा भर समुद्रात सुमारे 300 मीटरांवर एक थर प्रतिध्वनी देताना आढळला. तळ तर कितीतरी खाली होता. 1945 साली मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हा थर संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली जातो. तळ काही रोज चढत-उतरत नाही. तो थर जिवंत होता! लहान मासे, कोळंबीसारखे जीव आणि इतर कितीतरी प्राणी रात्री वर चरायला येतात व उजाडण्यापूर्वी अंधारात परततात, हे त्यातून उमगले.

म्हणून केवळ ऐकून भागत नाही. प्रतिध्वनी जोराचा आला, की जहाज जाळे टाकते. कोणता मासा, केवढा, कोणत्या वयाचा हे पाहते. बाटल्या सोडून निरनिराळ्या खोलीवरचे पाणी वर घेते. त्याची उष्णता, क्षार व प्राणवायू मोजते. माशांची पोटे चिरून त्यांनी काय खाल्ले तेही तपासते. आपल्या अरबी समुद्राचेच पाहा. येथे साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू अत्यंत कमी असतो. कंदीलमासे म्हणून ओळखले जाणारे, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले बोटाएवढे मासे दिवसा नेमके त्याच पाण्यात दडतात. कारण मोठे शिकारी मासे तेथे फार वेळ टिकत नाहीत. पाण्याची परीक्षा केली नसती, तर हे गूढ नुसत्या ध्वनीने उकलले नसते.

1975-76 साली ‘डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन’ या नॉर्वेच्या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या उत्तर व पश्चिम भागाची पाहणी केली. त्यावरून अशा माशांचा साठा सुमारे 10 कोटी टन असावा, असा अंदाज पुढे आला. आपले ‘सागर संपदा’ हे जहाज 1984 साली दाखल झाले आणि त्यानेही या थरांचा अभ्यास केला. साऱ्या जगातील अशा माशांचे वजन पूर्वी, जाळ्यांच्या हिशेबाने, सुमारे 100 कोटी टन धरीत. 2014 साली एका स्पॅनिश मोहिमेतील ध्वनिनोंदींवरून ते सुमारे 1000 कोटी टन असावे, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. म्हणजे दहापट! याचे एक कारण असे, की हे मासे जाळे येताना पाहून बाजूला सरतात. उलट, हवेची पिशवी असलेले काही इतर जीव थोडे असूनही मोठा आवाज परत पाठवितात. जाळे कमी सांगते, ध्वनी जास्त सांगू शकतो. दोघांची साक्ष ताडूनच न्याय करावा लागतो.

असल्या हिशेबाला व्यवहारात मोल काय, हे पेरू देशाने चांगलेच अनुभवले आहे. तेथील अँकोव्हेटा ही आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. 1970 साली तिची पकड 1 कोटी 20 लाख टनांवर गेली. पुढे 1972 साली एल निनोमुळे पाणी तापले आणि मासळी विरळ झाली. आधीच अतोनात उपसलेला साठा तो फटका सोसू शकला नाही. 1973 साली पकड 20 लाख टनांच्या आत आली. आता तेथे हंगामापूर्वी संशोधन जहाजे ध्वनीने साठा मोजतात व त्यावरून पकडीची मर्यादा ठरते. 2023 साली पाणी पुन्हा तापले होते आणि पाहणीत पिल्लेच फार आढळली. तेव्हा उत्तर व मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगामच रद्द करण्यात आला. कोळ्यांचा रोजगार बुडाला, कारखाने बंद राहिले. 2024 साली मात्र पकड पुन्हा भरघोस झाली. पाणी निवळले हेही त्याचे कारण खरे. पण पिल्ले मारून टाकली असती, तर निवळलेल्या पाण्यात वाढायला उरले तरी काय असते?

अरबी समुद्रातील कंदीलमाशांचे चूर्ण करून कोंबड्यांना घालावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. साठा अफाट आहे, हे कबूल. पण कुपा आणि माकूल याच माशांवर पोसतात, आणि पृष्ठभागावर खाल्लेल्या अन्नातील कार्बन हेच मासे खोल पाण्यात नेतात. घरातले धान्य किती, हे पाहताना ते किती तोंडांना पुरायचे आहे, हेही गृहिणी पाहतेच. समुद्राचे मोजमाप त्याच बेताने व्हायला हवे, आणि ते जाळे पडण्यापूर्वी व्हायला हवे. मागाहून केलेली मोजदाद ही शिरगणती नसून नुकसानीचा पंचनामा असतो.