हरलेल्या गुरूचे घराणे

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला आजवर आठच मुख्य प्रशिक्षक लाभले. त्यांतल्या ज्या एकाच्या खाती विजयांपेक्षा पराभव जास्त, तो या खेळाचा जनक. जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल रचला, १८९८ मध्ये ते लॉरेन्सला कॅन्सस विद्यापीठात व्यायामशिक्षक म्हणून आले आणि तिथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० गमावले. हा आकडा सहसा गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र या संघाकडे पाहण्याची योग्य जागा तिथेच दिसते. कॅन्ससने राष्ट्रीय विजेतेपद चारदा मिळवले. त्याहून कितीतरी अधिक वेळा इतर विद्यापीठांनी मिळवले आहे, यूसीएलएने तर अकरा वेळा. तरीही या संघाचे स्थान वेगळे आहे, कारण गायकीच्या घराण्यासारखी त्याची तालीम हातोहात पुढे गेली.

फॉरेस्ट 'फॉग' ॲलन हे नायस्मिथ यांचे खेळाडू. हा खेळ शिकवण्याचा नाही, खेळण्याचा आहे, असे गुरूंचे मत. शिष्याने ते सरळ मोडीत काढले आणि ३९ हंगाम कॅन्ससचा संघ घडवून ५९० विजय मिळवले. ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले अडॉल्फ रप पुढे केंटकीला गेले, डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला. दोघांनीही तिथे ८७० हून अधिक सामने जिंकले. गंमत अशी, की ही विद्या फिरून माघारी आली. १९५२ चे विजेतेपद खुद्द ॲलन यांचे, आणि त्या संघात स्मिथ राखीव खेळाडू होते. १९८८ चे विजेतेपद लॅरी ब्राऊन यांचे, जे स्मिथ यांच्या हाताखाली खेळले होते. २००८ आणि २०२२ ची बिल सेल्फ यांची, ज्यांनी उमेदवारी केली ब्राऊन यांच्याकडे. २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी मागे पडूनही कॅन्ससने नॉर्थ कॅरोलायनाला ७२-६९ असे हरवले. समोरचे प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिस हेही स्मिथ यांचेच शिष्य.

यावर कोणी म्हणेल, की अशी वंशावळ कोणत्याही जुन्या संघाची जुळवता येते. सामने जिंकतात ते खेळाडू. आक्षेपात तथ्य आहे. डिक हार्प हे ॲलन यांचे खेळाडू आणि साहाय्यकही. सत्तराव्या वर्षी नियमाप्रमाणे ॲलन निवृत्त झाले आणि विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडू हार्प यांना आयता मिळाला. तरी १९५७ चा अंतिम सामना तीन जादा डावांनंतर ५४-५३ असा हातचा गेला. म्हणजे परंपरा विजयाची हमी देत नाही. पण माझा दावाही तसा नाही. एका छोट्या गावातले विद्यापीठ शतकभर या खेळाच्या मध्यभागी कसे टिकले, याचे उत्तर एकेका गुणी खेळाडूत सापडत नाही; चेंबरलेन तर दोनच हंगाम खेळून निघून गेला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो मला निकालात काढता येत नाही. घराण्याला दोषही वारशाने मिळतात. १९८८ च्या विजेत्यांना खेळाडूभरतीतील गैरप्रकारांमुळे पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उतरताच आले नाही. २०१८ ची उपांत्य फेरी २०२३ च्या निकालाने नोंदीतून पुसली गेली. त्याहून जुना डाग वर्णभेदाचा. जॉन मॅक्लेंडन १९३३ मध्ये शारीरिक शिक्षण घ्यायला कॅन्ससला आले. नायस्मिथ यांनी त्यांना आपल्या पंखाखाली घेतले. संघाचे दार मात्र कृष्णवर्णीयांना बंद होते. मैदानाबाहेर राहून शिकलेल्या या शिष्याने वेगवान प्रतिहल्ल्याचा खेळ विकसित केला आणि टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला १९५७ ते १९५९ सलग तीन वर्षे एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. रप यांचा गोऱ्या खेळाडूंचा संघ १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंपुढे हरला, ते याच्या सात वर्षे नंतर. नायस्मिथ यांच्या शिष्यशाखेत म्हणूनच मी ॲलन यांच्या शेजारी मॅक्लेंडन यांचे नाव लिहीन, कॅन्ससच्या गणवेशात ते एकही सामना खेळले नसले तरी.