शिक्का आधीच बसलेला असतो

मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे का याचं रीतसर निदान करून घ्यावं का? मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर; पण या प्रश्नात वैद्यकापलीकडचंही काही आहे, म्हणून बोलतो.

आईवडिलांची भीती एकच : ‘पोरावर शिक्का बसेल.’ आता बघा, जो मुलगा कुकरच्या शिटीला कान झाकतो, शाळेचा नेहमीचा रस्ता बदलला की आकांत करतो, त्याच्यावर शिक्के आधीच बसलेले असतात. हट्टी, लाडावलेला, ‘आईनं वळण लावलं नाही’. (हा शेवटचा आईवरच बसतो, बापावर क्वचित.) कोरी पाटी कुठेच नाही. प्रश्न एवढाच, की नाव कोणतं.

भीती खोटी मात्र नाही. इयान हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञानं दाखवलं, की माणसांना दिलेलं नाव माणसांना बदलतं. दगडाला बेसाल्ट म्हणा, त्याला फरक पडत नाही. मुलाला आणि घरच्यांना पडतो. काही घरं मग मुलाला शिकवायचंच सोडतात.

आणखी एक. निदान वेगळं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. निदानाचा कागद घरात ठेवता येतो. २०१६च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र अर्ज केला तरच मिळतं, आणि आरक्षणाला किमान ४० टक्क्यांची अट असते. ते पुढेही काढता येईल. स्पीच थेरपी मात्र लगेच सुरू करा, तिला निदानासाठी थांबावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर तपासून घ्यावं. कुणाला सांगायचं हे सध्या तुम्ही ठरवा. मुलगा मोठा झाला, की त्याला ठरवू द्या.