पेशीतील वाटांचे नकाशे

स्नायूचा लहानसा तुकडा तपासला, तरी आज हजारो जनुकांची आकडेवारी हाती येते. कोणते जनुक मंदावले, कोणते जोमात आहे, हे कळते. अर्थ मात्र सहजी कळत नाही. वामसी मूथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच अनुभव आला. निरोगी, मधुमेही आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे मिळून ४३ पुरुष त्यात होते. निरोगी व मधुमेही यांच्या स्नायूंत योगायोगापलीकडचा फरक दाखवील, असे एकही जनुक सापडेना. मग त्यांनी एकाच कामाला जुंपलेल्या जनुकांचे गट पाहिले. तेव्हा प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या जनुकांचा गटच मधुमेह्यांत सुमारे २० टक्क्यांनी मंदावलेला आढळला. दिंडीतला एक वारकरी रेंगाळला, तर कोणाच्या ध्यानात येत नाही. सारी दिंडीच संथ झाली, तर ते लपत नाही.

असे गट बांधण्यास आधार लागतो तो पेशीतील रासायनिक वाटांच्या संग्रहांचा. जपानमध्ये क्योतो विद्यापीठातील मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ साली ‘केग’ हा संग्रह आरंभिला. साखरेचे विघटन कोणत्या पायऱ्यांनी होते, प्रत्येक पायरीवर कोणते एन्झाइम राबते आणि ते कोणत्या जनुकापासून घडते, हे त्यातील हाताने रेखलेल्या आराखड्यांत दिसते. ‘रिअ‍ॅक्टोम’ या दुसऱ्या संग्रहात क्रियांना प्रसिद्ध संशोधनाचा आधार जोडलेला असतो.

नवशिक्याने साखरेचीच परिचित वाट आधी न्याहाळावी. एका जनुकाला अनेक नावे असतात. यादीतले नाव संग्रहातील ओळखक्रमांकाशी जुळले नाही, की ते जनुक गुपचूप गळून पडते.

खरी मेख हिशेबात आहे. समजा, २०,००० जनुकांपैकी ४०० बदललेली आढळली आणि एका वाटेवर १०० जनुके आहेत. त्यांतली दोनेक निव्वळ योगायोगानेही बदललेल्यांत येतील. बारा आली, तर थांबून पाहावे. परंतु स्नायूत मुळात १०,००० जनुकेच मोजता आली असतील, तर हिशेब त्या दहा हजारांवरच मांडावयास हवा. ते न करता ‘स्नायूच्या वाटा सापडल्या’ असे जाहीर करणे म्हणजे आषाढीला पंढरपुरात वारकरी भेटल्याचे नवल करणे होय!

शिवाय एकच जनुक अनेक वाटांवर असते, आणि कर्करोगासारख्या बहुअभ्यासित विषयाच्या वाटा भरगच्च, तर इतर कित्येक अर्धवट रेखलेल्या. संग्रहही वरचेवर सुधारले जातात. म्हणून निष्कर्षाबरोबर संग्रहाची आवृत्ती व तारीख नोंदवावी लागते.