कार्टमधली कच्ची याद

अ‍ॅमेझॉनसारख्या अवाढव्य ऑनलाइन दुकानात ‘अ‍ॅड टू कार्ट’ हे बटण दाबताच जिन्नस आपल्या नावावर राखून ठेवला गेला, अशी जी समजूत नवख्या ग्राहकाची होते, तिला सामान्यतः काहीच आधार नसतो. कार्ट ही वाण्याकडे धाडण्यापूर्वी घरी केलेली कच्ची याद आहे. तीत नाव चढले एवढ्यावरून दुकानदार ना मालाला बांधला जातो, ना भावाला. आठवड्यापूर्वी टाकलेला मिक्सर आज पाहावा, तर भाव बदलल्याची सूचना वर झळकत असते आणि हिशेब आजच्या भावाने धरलेला असतो. भाव क्वचित उतरतोही, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

ही याद लक्षात ठेवण्याची शक्ती वेबला मुळात नव्हती. एक पान देऊन झाले की मागणारा कोण होता, हे सर्व्हर विसरून जाई. 1994 साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ब्राउझरमध्ये लहानशी खूण ठेवणारी ‘कुकी’ योजिली, तिच्या मुळाशी खरेदीच्या कार्टचीच गरज होती. आता लॉग-इन केलेल्या ग्राहकाची याद त्याच्या खात्यात राहते, म्हणून फोनवर टाकलेली वस्तू संगणकावरही दिसते.

या साऱ्या सोयींत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती ‘सेव्ह फॉर लेटर’. तिच्यायोगे वस्तू यादीतून पुसली न जाता खालच्या रकान्यात उतरते, बेरजेतून वगळली जाते आणि ‘प्रोसीड टू बाय’ दाबले तरी मागवली जात नाही. महिनाअखेरीस जिचा मोह आवरत नाही आणि जिचे पैसेही देववत नाहीत, अशा पैठणीच्या बाबतीत याहून सभ्य तजवीज कोणती?

मात्र कार्टमधील बेरीज हा अखेरचा आकडा नव्हे. डिलिव्हरीचा आकार पुढच्या पानावर चढतो. वस्तूच्या पानावर टिचकी मारून घेतलेले कूपनही बहुधा तेथेच वजा होते. आणि विक्रेते निरनिराळे असल्यास एकाच ऑर्डरीची पार्सले व बिले वेगवेगळी येऊ शकतात. म्हणून ते पान सावकाश, ओळीने वाचावे. न मागितलेली देणगी किंवा विमा ग्राहकाच्या संमतीविना बिलात घुसवणे, तसेच खोटी निकड भासवणे, हे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवले आहेत. त्यांत नोंदलेल्या 13 प्रकारांपैकी दुसऱ्याला ‘बास्केट स्नीकिंग’ असेच नाव आहे. अशी आगंतुक रक्कम दिसल्यास त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा; 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार गुदरताना तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो.